दिवसात सांगा

आम्ही साताऱ्यात घर घेतलं त्या दिवशी सामानाचा टेम्पो अजून अर्धाच रिकामा झाला होता, तेवढ्यात शेजारच्या फाटकातून एक उंच, ताठ गृहस्थ आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची खाकी पँट, कातरलेल्या मिशा. काही न बोलता त्यांनी गॅसची शेगडी उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि परत येऊन मला विचारलं, "बाई, वय किती?"

अनोळखी पुरुषानं पहिल्याच वाक्यात बाईमाणसाला वय विचारावं याचा मला राग आला. मी तुटकपणे चाळीस म्हणाले. त्यांनी मान हलवली. "मोघम झालं," म्हणाले, आणि जन्मतारीख विचारली. मी का सांगितली ते मला आजही कळलेलं नाही. त्यांचे ओठ थोडा वेळ नुसते हलले. मग ते म्हणाले, "चौदा हजार सहाशे अडतीस. हे वय झालं. चाळीस हे नुसतं सांगायचं." एवढं बोलून ते कपाट उचलायला गेले.

हे आमचे निवृत्ती आबा. फौजेत चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झाले. कॉलनीत त्यांना पाठीमागे सगळे दिवसआबा म्हणतात, आणि त्यांना ते माहीत आहे.

मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. आबांना हे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला. मला त्याहून कमी झाला, कारण त्या दिवसापासून ते कुंपणापलीकडून मला गणितं घालायला लागले. मी कागद शोधेपर्यंत त्यांचं उत्तर तयार असे.

वर्ष या शब्दावर त्यांचा विश्वासच नाही. महिन्यावर तर मुळीच नाही. ज्याची लांबी कधी अठ्ठावीस, कधी एकतीस, असल्या मापानं कापड तरी कुणी घेईल का, असं त्यांचं म्हणणं. एकदा डॉक्टरांनी त्यांना तीन महिने रक्तदाबाची गोळी घ्यायला सांगितली, तर यांनी विचारलं की एकोणनव्वद, नव्वद, एक्क्याण्णव का ब्याण्णव? डॉक्टर हसले. आबा हसले नाहीत. आबा उत्तर घेतल्याशिवाय उठले नाहीत, आणि बाहेर बसलेले पेशंट खोकत राहिले. आता ते डॉक्टर सगळ्यांनाच दिवसात औषध लिहून देतात.

कोपऱ्यावरच्या घरातल्या लग्नात भटजींनी नवरानवरीला शतायुषी व्हा म्हटलं. अक्षता टाकून झाल्यावर आबा स्टेजवर गेले आणि नवरदेवाच्या कानात म्हणाले की शंभर वर्षं म्हणजे छत्तीस हजार पाचशे पंचवीस दिवस होतात, दिवसाला एक भांडण धरलं तरी तेवढी भांडणं होतील, तेव्हा सावकाश घ्या. त्या पोराचा चेहरा सगळ्या फोटोंत विचारात पडल्यासारखा आला आहे.

पण त्यांचं खरं प्रेम दहा हजाराव्या दिवसावर. माणसाच्या आयुष्यात हा दिवस सत्तावीस वर्षं पूर्ण झाल्यावर साडेचार महिन्यांनी येतो आणि ज्याचा असतो त्याला त्याचा पत्ताही नसतो. आबांना असतो. कॉलनीतल्या प्रत्येकाची जन्मतारीख त्यांच्या जाड वहीत आहे. त्या दिवशी सकाळी ते कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे राहतात आणि म्हणतात, "पूर्वी सरदार पंचहजारी असायचं. तुमी आज दहाहजारी झाला." आमच्या गल्लीत राहणारा बँकेतला एक मुलगा घरापासून लांब, एकटा, वाढदिवसाला कुणाचा फोनही न आलेला, त्याला दहाहजारीचा पेढा मिळाला तेव्हा तो दारातच डोळे पुसायला लागला. आबांना वाटलं त्याला पेढा आवडत नाही.

ही सवय कुठून लागली असं मी त्यांना विचारलं होतं. फौजेत ते कंपनीच्या ऑफिसात छुट्टीचं रजिस्टर ठेवायचे. कोण कवा घरी गेला, कवा परत आला, किती शिल्लक. जवानाला छुट्टीतला एक दिवस म्हणजे काय असतो ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, एवढंच ते म्हणाले.

आता प्रणालीची गोष्ट सांगते.

प्रणाली आमच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायची. पाटणच्या पुढे डोंगरात तिचं गाव. एका सरकारी भरतीसाठी चार वर्षं प्रयत्न करत होती. कुठल्या खात्याच्या ते मी लिहीत नाही, कारण ज्यांनी चूक केली ते लोक नंतर आमच्याशी फार चांगले वागले. सकाळी साडेपाचला ती मैदानावर पळायला जायची, आणि आबाही तिथे फिरायला. आबांनी खिशातून जुनं स्टॉपवॉच काढलं तो दिवस तिच्यासाठी वाईट होता. परीक्षेला सहा महिने आहेत असं तिनं सहज म्हटलं, तर एकशे त्र्याऐंशी दिवस आहेत असं त्यांनी सांगितलं आणि रोज एकेक कमी करत आणलं. सुरुवातीला ती मैदानाच्या दुसऱ्या फाटकानं जायला लागली. मग एकदा तिच्याच लक्षात आलं की आकडा ऐकला की तिचे पाय जास्त पळतात. तेव्हापासून तीच विचारायची, "आबा, आज किती?"

ती लेखी परीक्षा पास झाली. मैदानी चाचणीत तिच्या गटात दुसरी आली. कागदपत्रं तपासायला तिला सांगलीला बोलावलं, आणि तिथून ती संध्याकाळी परत आली ती तडक माडीवर गेली. मी चहा घेऊन गेले तर बॅग भरत होती.

अट अशी होती की ठरलेल्या दिवशी उमेदवाराची पंचवीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. प्रणालीचा पंचविसावा वाढदिवस त्या दिवसानंतर चार दिवसांनी होता. म्हणजे ती बसत होती, अगदी काठावर, पण बसत होती. मात्र तिथल्या कॉम्प्युटरनं तिच्या नावापुढे लाल अक्षरात लिहिलं होतं, वय पंचवीस वर्षं दोन दिवस, अपात्र. ती कारकुनाला जन्मतारीख दाखवत राहिली. त्यानं सांगितलं की तुम्ही म्हणता ते वेगळं आणि सिस्टिम म्हणते ते वेगळं. पुढच्या वर्षी तिला अर्जही करता येणार नव्हता. वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, ये घरी, एक स्थळ आलंय.

तिथून तिनं आणलेला वयाच्या हिशोबाचा कागद मी पाहिला. तिच्या जन्मापासून त्या तारखेपर्यंतचे दिवस नऊ हजार एकशे सत्तावीस. भागिले तीनशे पासष्ट. भागाकार पंचवीस, बाकी दोन. मी दोनदा करून पाहिला. बरोबर होता. मी बी.एस्सी., बी.एड., वीस वर्षं गणित शिकवलेली बाई, तिला म्हणाले की गणित तर बरोबर आहे गं. हे वाक्य मला आयुष्यभर पुरणार आहे.

मग मीच तो कागद घेऊन आबांकडे गेले. ते अंगणात बसले होते आणि आक्का, म्हणजे त्यांची बायको, शेंगा फोडत होत्या. आबांनी कागद चष्म्याजवळ धरला. त्यांचे ओठ नेहमीसारखे हललेसुद्धा नाहीत.

"भागाकार बरोबर हाय बाई," ते म्हणाले. "वरीस चुकलंय."

मला कळेना.

"पोरीच्या जन्मापासनं फेब्रुवारीची एकोणतीस तारीख किती वेळा आली?"

सहा वेळा. सहा लीप वर्षं. पंचवीस वर्षांचे दिवस नऊ हजार एकशे पंचवीस नव्हेत, नऊ हजार एकशे एकतीस. त्यातून चार वजा, नऊ हजार एकशे सत्तावीस. पोरगी चार दिवसांनी लहानच होती. कुणीतरी कॉम्प्युटरला प्रत्येक वर्ष तीनशे पासष्टचं आहे असं सांगून ठेवलं होतं आणि त्यानं इमानानं ते ऐकलं होतं. लीप वर्ष मी दर जूनमध्ये पाचवीला शिकवते. त्या संध्याकाळी मी घरी येऊन बराच वेळ भांडी घासत बसले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही तिघं सांगलीच्या एसटीत बसलो. आबांनी लग्नाकार्यातला कोट घातला होता. कराड गेलं, पेठ नाका गेला, प्रणाली खिडकीबाहेर बघत होती. तिला आशा नव्हती. ती आबांचं मन मोडायचं नाही म्हणून आली होती. आबा मात्र मांडीवर वही घेऊन तिच्या जन्मापासूनची सगळी वर्षं एकाखाली एक लिहीत होते आणि प्रत्येक लीप वर्षाभोवती लाल पेननं गोल काढत होते.

ऑफिसातला कारकून तरुण होता आणि वाईट नव्हता. त्यानं वही पाहिली, गोल पाहिले, आणि डोकं खाजवलं. म्हणाला, आजोबा, तुमचं पटतंय, पण कॉम्प्युटरातला हा तक्ता वरून आलाय, त्यात मला बदल करता येत नाही. साहेबच सांगू शकतात आणि साहेब आज मीटिंगला बाहेरगावी गेलेत. उद्या या. पण उद्या दुपारी बारा वाजता यादी कायम होणार.

माझी बहीण सांगलीत विश्रामबागला राहते. आम्ही तिच्याकडे मुक्काम केला. आबांना परक्या घरी राहायचं अवघड वाटत होतं. आक्कांना त्यांनी तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा गॅस बंद केलास का एवढंच विचारलं. प्रणाली जेवली नाही.

सकाळी दहाला आम्ही साहेबांच्या दाराबाहेर होतो. साडेदहाला साहेब आले, अकराला आम्हाला आत बोलावलं. पांढऱ्या केसांचे, थकलेले गृहस्थ. त्यांनी आमचं ऐकलं, पण ऐकताना सह्या करत होते. शेवटी म्हणाले की हा तक्ता गेली काही वर्षं वापरात आहे, सगळ्यांना एकच नियम लावलाय, एका उमेदवारासाठी तो बदलला तर बाकीचे विचारतील. वेळ आता कमी आहे, तुम्ही लेखी तक्रार द्या, बघू.

प्रणाली उठायला लागली. आबांनी तिला हातानं बसवलं.

"साहेब," ते म्हणाले, "तुमची जन्मतारीख सांगता का?"

साहेबांची सही अर्धवट राहिली. मी आबांच्या कोटाची बाही ओढली, कारण मला हा प्रश्न ओळखीचा होता. पण माणूस आबांना जन्मतारीख सांगतोच. साहेबांनी सांगितली. त्याच महिन्याच्या बारा तारखेला त्यांना अठ्ठावन्न पूर्ण होत होती, आणि त्या दिवशी दोन तारीख होती. महिनाअखेरीला निवृत्ती. टेबलावर निरोपाच्या कार्यक्रमाची पत्रिकाही पडली होती.

आबांचे ओठ हलले.

"एकवीस हजार एकशे चौऱ्याहत्तर दिवस," आबा म्हणाले. "तुमच्या ह्या तक्त्यात घालून बघा."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं आकडा घातला. पडद्यावर आलं, अठ्ठावन्न वर्षं चार दिवस.

"म्हंजे साहेब, ह्या तक्त्याप्रमाणं तुमाला अठ्ठावन्न भरली मागल्या महिन्यात. मागल्या महिनाअखेरीला तुमी घरी जायाला पायजे हुता." आबांचा आवाज अजिबात चढला नव्हता. छुट्टीचं रजिस्टर वाचून दाखवावं तसं ते बोलत होते. "तक्ता खरा असंल तर आज तुमची सही चालत न्हाई. आन् तुमची सही चालत असंल, तर तक्ता खोटा हाय. कंचं धरू?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. पडद्याकडे पाहिलं, पत्रिकेकडे पाहिलं, मग आबांकडे. आणि ते हसायला लागले. आधी ओठांत, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी आलं. कारकून आधी घाबरला आणि मग तोही हसला. हसत नव्हते ते फक्त आबा. ते उत्तराची वाट बघत होते.

त्यानंतर पाऊण तासात जे झालं ते मी सरकारी ऑफिसात कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी स्वतः वरच्या ऑफिसला फोन लावला आणि आबांची वही समोर ठेवून लीप वर्षं वाचून दाखवली. सगळे अर्ज पुन्हा तपासायला लावले. लाल अक्षरातली आणखी तीन नावं तशीच काठावरची निघाली. बाराला सहा मिनिटं कमी असताना प्रणालीच्या नावापुढे पात्र असा शब्द आला. आबांनी वेळ सांगताना सहा नाही, तीनशे साठ सेकंद म्हटलं, आणि मी पहिल्यांदाच त्यांना मोघम बोला असं म्हणाले नाही. प्रणाली त्यांच्या पाया पडायला वाकली ती तिथेच बसून रडली.

त्या काठावरच्या तिघांतला एक मुलगा विट्याकडचा होता. अपात्र ठरल्यावर तो लांब दक्षिणेत, वडिलांच्या सोनं गाळायच्या दुकानात निघून गेला होता. त्याला कुणी नंबर दिला कोण जाणे, चार दिवसांनी त्याचा आबांना फोन आला. आबांनी त्याची जन्मतारीख विचारून घेतली.

प्रणालीचं निवडपत्र आलं त्या रविवारी कॉलनीनं आबांचा सत्कार ठेवला. प्रणालीचे वडील पाटणहून नव्या तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन आले. स्थळाचा विषय त्यांनी काढला नाही. फेटा, शाल, नारळ झाला, फटाक्यांची माळ झाली. अध्यक्षांनी आबांनी अनेक वर्षं देशसेवा केली असं म्हटलं तेव्हा आबा कसनुसे झाले, पण गप्प बसले. मग त्यांना बोलायला सांगितलं.

ते माईकसमोर उभे राहिले. सगळ्यांना वाटलं ते सांगलीची हकीकत सांगतील, साहेबांची नक्कल करतील. त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. आक्का पहिल्या रांगेत बसल्या होत्या, नवी साडी, हात मांडीवर.

"लोक म्हंत्यात आमच्या लग्नाला एकोणचाळीस वर्सं झाली," आबा म्हणाले. "मोघम हाय ते. लग्न झाल्यावर बावीस वर्सं मी फौजेत हुतो. म्हंजे आठ हजार छत्तीस दिवस. त्यात छुट्टी धरून घरी किती, तर अठराशे तेरा. पाच वर्सालाबी तेरा दिवस कमी. राहिलं सहा हजार दोनशे तेवीस. ते सगळं दिवस हिनं एकटीनं काढलं. पोरं हिनं वाढवली. ऊस हिनं लावला. माझी आई आजारी पडली, गेली, मी पोचलो तवा सगळं उरकलं हुतं."

आबांनी कागद उलटा केला.

"घरी आल्यावर मी ठरवलं, जेवढं दिवस हिच्याबिगर काढलं तेवढं हिच्यासंगं काढायचं. त्याच्या आधी मरायचं न्हाई. घरी येऊन सहा हजार दोनशे एकोणसत्तर दिवस झालं. बाहेर मुक्काम पडला ते साठ वजा. ऱ्हायलं सहा हजार दोनशे नऊ." त्यांनी कागद खाली केला. "अजून चौदा दिवस हायत. मंग माझी हिच्याशी बरोबरी हुती. ह्या सत्काराचं मला काय न्हाई. त्या दिवशी मात्र समद्यांनी पेढं खायला यायचं."

टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणाला कळेना. आक्कांनी पदरानं तोंड पुसलं. त्यांना चारचौघांत बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्या बसल्या जागेवरूनच, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आवं, सांगलीचा मुक्काम धरला का?"

आबा थांबले. कागदाकडे पाहिलं. ओठ हलले. इतक्या वर्षांत त्यांचा आकडा चुकलेला आम्ही कुणी पाहिला नव्हता, आणि चुकला तो सगळ्या कॉलनीसमोर. पण त्यांच्या तोंडावर असं काही हसू आलं की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"पंधरा," ते म्हणाले. मग माईक तसाच सोडून खाली उतरले आणि आक्कांशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले.